वाक्य कुठून सुरू करायचं?

चौथीच्या वहीतला हा निबंध. शुद्धलेखन तेवढं नीट केलंय, बाकी जसाच्या तसा:

"बिबट्या हा हिंस्र प्राणी आहे. बिबट्याला चार पाय असतात. बिबट्याच्या अंगावर काळे ठिपके असतात. बिबट्या उसात राहतो. बिबट्या कुत्रे व शेळ्या खातो. बिबट्या रात्री फिरतो. बिबट्या मला आवडत नाही."

सात वाक्यं आणि सातही 'बिबट्या'पासून सुरू. चूक म्हणावी अशी एकही नाही. पण हे ज्याने लिहिलं, त्याच्या घरची शेळी आठवड्यापूर्वीच बिबट्याने नेली होती. आमचा जुन्नर तालुका. ऊस, कांदा, टोमॅटो, आणि उसाच्या आडोशाने वाढलेले बिबटे. पकडलेल्या बिबट्यांना ठेवायचं माणिकडोहचं केंद्रही याच तालुक्यात आहे. इथल्या पोरांना बिबट्याला पाय किती, हे पुस्तकातून शिकायची वेळ येत नाही.

शेळी गेली त्या सकाळी परिपाठात हाच मुलगा बोलायला उभा राहिला होता. बोलायला लागल्यावर मी मोबाइलवर आवाज भरून घेतला, त्यामुळे शब्द त्याचेच आहेत:

"रातची लाईट होती. पप्पा दारं धरायला गेलते. कुत्रं नुसतं कुईकुई करत होतं, भुंकतच नव्हतं. आज्जी म्हणली, कोणी भाईर जायचं नाय. पत्र्यावर धाडकन वाजलं काहीतरी. बॅटरी मारली आईनी खिडकीतून, तर गोठ्याच्या भिताडावर दोन डोळे. नुसते डोळेच. सकाळी बघितलं तर दावं तुटलेलं."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. रातची लाईट म्हणजे शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्री. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत राहणं. बाप शेतात, घरात आजी, आई आणि पोरं. हे सगळं पहिल्या दोन वाक्यांतच आलं.

आता या बोलण्यातल्या वाक्यांच्या सुरुवाती बघा. रातची, पप्पा, कुत्रं, आज्जी, पत्र्यावर, बॅटरी, नुसते, सकाळी. एकही शब्द दुसऱ्यांदा नाही. आणि 'बिबट्या' हा शब्द तर अख्ख्या बोलण्यात कुठेच नाही. तरीही वर्गातल्या एकाही पोराने "कोण आलं होतं?" असं विचारलं नाही.

मुलांचं लेखन रंगतदार व्हावं म्हणून वाक्यांच्या सुरुवाती बदलायला शिकवा, असं प्रशिक्षणात सांगतात तेव्हा मला हा मुलगा आठवतो. सुरुवात बदलणं त्याला येतंच होतं. ते त्याच्या तोंडात होतं, वहीत उतरलं नाही. म्हणून माझ्या वर्गात मी नवं काही शिकवण्यापेक्षा बोलण्यातल्या सुरुवाती कागदापर्यंत आणायच्या मागे असते. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. तिसरी-चौथी माझ्याकडे. पुढचं सगळं त्या दोन वर्गांतलं आहे.

सुरुवाती हरवतात कुठे, हे शोधत गेलं की पहिली-दुसरीत पोचतो. तिथे आपण सांगतो, "पूर्ण वाक्यात उत्तर लिहा." प्रश्न असतो, कावळा कुठे बसला? मूल म्हणतं, झाडावर. आपण म्हणतो, असं नाही, 'कावळा झाडावर बसला' असं लिही. त्या वयात हे बरोबरच आहे, वाक्य पुरं करायची सवय लागायलाच हवी. पण तिच्यासोबत आणखी एक सवय लागते: ज्याच्याबद्दल लिहायचं त्याचं नाव आधी. पुढे येतात दहा ओळी. माझी शाळा, माझी आई, माझा आवडता प्राणी. बाजारातल्या निबंधाच्या पुस्तकांत या ओळी आकडे घालून एकाखाली एक छापतात. आकडा पडला की प्रत्येक ओळ सुटी होते, मागच्या ओळीशी तिचा संबंध उरत नाही. सुट्या ओळीला स्वतःचा कर्ता लागतो. म्हणून गाय, गाईला, गाईचे, गाईपासून. पोराला लिहिता येत नाही असं नसतं. त्याला यादी करायला सांगितलेली असते आणि यादी अशीच लिहितात.

त्यामुळे पहिला बदल अगदी साधा केला. निबंधाला आकडे घालायचे नाहीत, ओळी मोजायच्या नाहीत, सलग लिहायचं. एवढ्यानेच फरक पडतो. दोन वाक्यं एकाच ओळीत शेजारी आली की दुसऱ्या वाक्यातला तोच शब्द मुलाला स्वतःलाच खुपायला लागतो. 'बिबट्या उसात राहतो. बिबट्या...' इथपर्यंत येऊन पेन्सिल थांबते आणि 'तो' येतो. 'तो' आला म्हणजे निम्मं काम झालं, कारण आता ते वाक्य मागच्याचा हात धरून उभं आहे.

दुसरा बदल समासाचा. निबंध लिहून झाला की डावीकडच्या समासात प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द पुन्हा लिहायचा. मग वही शेजाऱ्याला द्यायची आणि शेजाऱ्याने निबंध न वाचता फक्त समास मोठ्याने वाचायचा. 'बिबट्या, बिबट्याला, बिबट्याच्या, बिबट्या, बिबट्या...' वर्गात हसू फुटतं, पण ते हसू समासाला असतं, पोराला नाही, कारण दोन मिनिटांत हसणाऱ्याचाही समास वाचला जातो. २०२३-२४ आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाठ्यपुस्तकातच धड्यामागे 'माझी नोंद' अशी कोरी पानं होती. ती दोन वर्षं आम्ही समासातले हे शब्द त्या पानांवर उतरवून ठेवत होतो. जूनमधलं पान आणि फेब्रुवारीतलं पान एकाच पुस्तकात, त्यामुळे मुलांना आपल्यातला बदल आपोआप दिसायचा.

समास वाचल्यावर सातही वाक्यं बदलायला लावायची नाहीत, याबद्दल मी ठाम आहे. दोनच बदलायची, आणि कोणती ते मुलाने ठरवायचं. सगळी बदलायला लावली की पोरं शब्द नुसते इकडचे तिकडे करतात: 'असतात बिबट्याला चार पाय', 'काळे ठिपके अंगावर बिबट्याच्या असतात'. असं कुणी बोलत नाही. दोनच बदलायची म्हटलं की मूल निवडायला लागतं, आणि निवडायचं तर विचार करावा लागतो.

मी वाक्य देत नाही, प्रश्न विचारते. "तेव्हा तू कुठे होतास? आधी काय कळलं, दिसलं की ऐकू आलं?"

बिबट्यावाल्याने दुसऱ्या दिवशी आणलेला मजकूर हा:

"बिबट्या उसात राहतो. कुत्रे भुंकत नाही, कुईकुई करते तेव्हा तो जवळ आला आहे असे समजावे. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर तो बसला होता. त्याचे फक्त डोळे दिसत होते."

चार पायांचं वाक्य त्याने खोडून टाकलं होतं. का रे खोडलंस, असं विचारलं.

"पाय दिसलेच नव्हते ना बाई."

सुरुवात बदलायला सांगितली ती दोन वाक्यांची, पण त्या निमित्ताने तो पुस्तकातल्या बिबट्याकडून आपल्या गोठ्यातल्या बिबट्याकडे आला. जे दिसलं नव्हतं ते गळलं, जे माहीत होतं ते आलं. कुत्रं न भुंकता कुईकुई करतं ही माहिती मला तरी कुठल्या पुस्तकात मिळाली नसती.

त्याचं 'भिताड' लिहिताना 'भिंत' झालं, 'म्हणली' वगैरे गेलं. ते त्याचं त्यानेच केलं. बोलीतले शब्द कच्च्या लिखाणात आले तर मी त्या दिवशी हात लावत नाही. शब्दाचं रूप आणि वाक्याची मांडणी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दुरुस्त करायला गेलं की मूल दोन्हीकडून आखडतं आणि पुन्हा 'बिबट्या हा'वर जाऊन बसतं. रूपं नंतर सुधारता येतात.

आता थोडं व्याकरण. मुलांना ते कागदाच्या पट्ट्यांवर आवडतं, म्हणून इथेही तसंच सांगते. पाच पट्ट्या: आजीने, पहाटे, तुळशीला, पाणी, घातलं. पाच पोरं एकेक पट्टी धरून फळ्यापुढे उभी. बाकीच्यांनी त्यांना हव्या त्या क्रमाने उभं करायचं आणि वाक्य वाचायचं. 'पहाटे आजीने तुळशीला पाणी घातलं.' 'तुळशीला आजीने पहाटे पाणी घातलं.' 'पाणी आजीने पहाटे तुळशीला घातलं.' पाणी घातलं कुणी आणि कुणाला, हे एकाही वाक्यात बिघडत नाही. 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटलेले असतात, त्यामुळे शब्द कुठेही उभा राहिला तरी आपलं काम बरोबर घेऊन जातो. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे चौथीतली मुलं हे ताडून बघू शकतात. 'द कॅट सीज द डॉग' यात मांजर आणि कुत्र्याची जागा बदलली की बघणारा बदलतो. मराठीत 'मांजर कुत्र्याला बघतं' आणि 'कुत्र्याला मांजर बघतं', बघणारं मांजरच.

पण अर्थ तोच राहिला तरी रोख बदलतो, आणि ते मुलांच्या कानाला लगेच कळतं. 'पाणी आजीने पहाटे तुळशीला घातलं' हे वाचल्यावर एक मुलगी म्हणाली, "मग दूध कुणाला घातलं?" पाणी पुढे आणलं की दुसरं काहीतरी मागे उरल्यासारखं वाटतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. 'घातलं आजीने पहाटेच पाणी' असं झालं तेव्हा मागून एकजण बोलला, "असं मम्मी म्हणते, पप्पांनी काम केल्यावर. केलं एकदाचं!" क्रियापद पुढे आलं की वाट बघून झाल्याची भावना येते. मोठ्या वर्गांत याची नावं शिकतील. चौथीत हे ऐकू येतंय, एवढं पुरे.

या मोकळीकीला मर्यादाही आहे आणि ती दाखवल्याशिवाय पट्ट्या आवरायच्या नाहीत. 'वाघ बिबट्या मारतो' आणि 'बिबट्या वाघ मारतो'. दोन्ही नावं पुल्लिंगी, प्रत्यय कुणालाच नाही, क्रियापदही मदतीला येत नाही. इथे जो आधी तोच मारणारा. 'ला' लावला की प्रश्न सुटतो: 'बिबट्याला वाघ मारतो.' म्हणजे सुरुवातीला काय ठेवायचं हे मोकळेपणी ठरवायचं असेल, तर प्रत्यय नीट लावता आले पाहिजेत. एरवी विभक्तीचा तक्ता घोकायला कंटाळणारी पोरं या खेळात 'ला' कुठे हवा यावर भांडतात.

दुसरी मोठी अडचण 'मी'ची. 'माझा रविवार' लिहायला सांगा:

"मी सकाळी उठलो. मी चहा प्यायलो. मी बाबांबरोबर मळ्यात गेलो. मी कांद्याची रोपं दिली. मी घरी आलो."

इथे मुलांना विचारायचं, 'उठलो' म्हणजे कोण उठलं? मीच. मग 'लो'मध्ये मी आहेच, तर आधी पुन्हा कशाला लिहायचा? पहिल्या वाक्यात एकदा सांगितला की पुढची तीन-चार वाक्यं मोकळी होतात आणि सुरुवातीची जागा सकाळ, मळा, चहा यांना मिळते. मुलग्यांचं हे पटकन जमतं. मुलींना मात्र सांभाळावं लागतं. 'मळ्यात गेले' असं मुलीने लिहिलं तर ती स्वतः गेली की आजोबा गेले, कळत नाही, रूप एकच. एका मुलीच्या वहीत तर आधीच्या ओळीत आजोबा होतेच, त्यामुळे 'मग विहिरीवर गेले आणि पोहले' हे वाचून सगळ्यांना आजोबाच पोहले असं वाटलं. तिथे 'मी' हवाच. 'रोपं दिली' यातही क्रियापद रोपांच्या बाजूने बोलतं, देणारा दिसत नाही. तेव्हा 'मी' सरसकट खोडा असा नियम मी करत नाही. क्रियापदातून माणूस दिसतो का ते बघ, दिसत असेल तर काढ, एवढंच सांगते.

त्या मुलाचं नंतरचं लिखाण असं होतं: "सकाळी उठून चहा प्यायलो आणि बाबांबरोबर मळ्यात गेलो. रोपं मी वाहून दिली. लावली आईने." शेवटचं वाक्य दोनच शब्दांचं, पण काम कोणी किती केलं ते चोख सांगतं.

'उठून' वरून आठवलं. 'ऊन' लावून वाक्य सुरू करणं मुलांना फार आवडतं, कारण दोन वाक्यं एकत्र होतात. मात्र त्यात एक खड्डा आहे. 'दप्तर टाकून आई ओरडली,' असं एकाने लिहिलं. मी वाक्य फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, दप्तर कोणी टाकलं? सगळा वर्ग एका सुरात: "आईने!" लिहिणारा कपाळाला हात लावून बसला. 'ऊन'ने सुरू झालेल्या वाक्यात दोन्ही कामं सहसा एकाच माणसाची असतात. माणसं वेगळी असतील तर 'ल्यावर' घ्यायचं: 'मी दप्तर टाकल्यावर आई ओरडली.' 'ताना'ला हे बंधन इतकं कडक नाही, 'शाळेतून येताना साप दिसला' यात येणारा मी आणि दिसणारा साप असला तरी कुणाचा गोंधळ होत नाही. ऊन, ताना, ल्यावर ही तीन रूपं चौथीत हाताखाली आली की वर्षभर पुरतात.

'मी' कमी झाला की त्याच्या जागी 'मग' येऊन बसतो, हे तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असेल. मग आम्ही गेलो, मग गाडी आली, मग आम्ही बसलो. यावर उपाय म्हणून बऱ्याच वर्गांच्या भिंतींवर तक्ता दिसतो: अचानक, तेवढ्यात, थोड्या वेळाने, दरम्यान, शेवटी. माझ्या वर्गात असा तक्ता नाही आणि लावणारही नाही. तक्ता लावला की पोरं तो वरून खाली वापरतात. अचानक आम्ही उठलो, तेवढ्यात दात घासले, दरम्यान चहा प्यायलो. शब्द बदलले, बघणं बदललं नाही. 'मग' दिसला की मी एवढंच विचारते, या दोन गोष्टींच्या मधे काय झालं? काहीच झालं नसेल तर 'मग' राहू दे, किंवा दोन्ही वाक्यं जोडून टाक. काही झालं असेल तर ते लिही. 'मग गाडी आली' याचं 'फाट्यावर उभं राहून पाय दुखले तेव्हा गाडी आली' झालं, ते या प्रश्नाने. 'तेवढ्यात' खरंच तेवढ्यात काही घडलं असेल तर मुलाला आपोआप सुचतो. बोलताना तो त्याला सुचतोच की.

एका गोष्टीसाठी अनेक सुरुवाती असतात, हे दाखवायला सगळ्यांनी मिळून एकच प्रसंग लिहिणं फार उपयोगी पडतं. आमच्याकडे रोज होणारा प्रसंग म्हणजे खिचडी येणं. मधल्या सुट्टीच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी वही उघडून बसायचं आणि पातेलं ओसरीवर आलं की एकच वाक्य लिहायचं. खिडकीजवळचा लिहितो, 'मावशींच्या पदराला वाफ लागत होती.' आतल्या कोपऱ्यातली लिहिते, 'झाकण वाजलं म्हणजे आली.' एक कायम भुकेलेला: 'वास तर प्रार्थनेपासून येतोय.' तिसरीतली एक चिमुरडी: 'आज वाटाणे आहेत का?' प्रश्नाने वाक्य सुरू करता येतं हे त्या दिवशी तिच्यामुळे सगळ्यांना मिळालं, मला वेगळा धडा घ्यावा लागला नाही. सगळी वाक्यं फळ्यावर लिहायची. कोण कुठे बसलंय ते वाक्यावरून ओळखायचं. पोरं अचूक ओळखतात.

हे सगळं मला पटलं ते एका वर्षीच्या निबंधांमुळे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढच्या जत्रांच्या हंगामात आमच्या भागातले घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, पुन्हा गजबजले. त्या वर्षी चौथीत असलेली पोरं बंदी आली तेव्हा अंगणवाडीतसुद्धा जात नव्हती. गाडा, त्याच्यापुढे पळणारी घोडी, बारी म्हणजे गाड्याची एक धाव, हे सगळं त्यांनी घरातल्यांच्या तोंडून ऐकलेलं, बघितलेलं काही नाही. जत्रेनंतरच्या सोमवारी मी विषय दिला, 'घाटावर'. त्यातली काही वाक्यं मी माझ्या डायरीत उतरवून ठेवली आहेत:

"भिर्रर्र असा आवाज झाला आणि सगळे उभे राहिले."

"आधी घोडी दिसली. तिच्यामागे धूळ. धुळीतून बैल निघाले."

"आजोबांनी डोळ्यांवर हात धरला, त्यांना उन्हाचं दिसत नाही."

"किती सेकंद ते कळलं नाही कारण स्पीकर खरखरत होता."

'बैलगाडा शर्यत हा एक पारंपरिक खेळ आहे' असं एकानेही लिहिलं नाही. पाठ केलेल्या दहा ओळी या मुलांकडे नव्हत्याच. बघितलेलं ताजं होतं आणि ते सांगायची घाई होती, म्हणून आवाज, घोडी, आजोबा, सेकंद, ज्याला जे आधी भिडलं ते वाक्याच्या सुरुवातीला आलं. दोन आठवड्यांपूर्वी याच मुलांनी 'माझा आवडता सण' लिहिला होता आणि जवळपास प्रत्येक वहीत पहिलं वाक्य 'दिवाळी हा माझा आवडता सण आहे' होतं. तेव्हापासून विषय निवडताना मी हेच बघते, की ज्यावर छापील दहा ओळी मुलांना आधीच पाठ आहेत असा विषय शक्यतो द्यायचा नाही. द्यावाच लागला तर तो अरुंद करायचा. 'पाऊस' नको, 'पाऊस आला तेव्हा कांदा उघड्यावर होता' चालेल.

आणि तरीही, एकच शब्द पुन्हा पुन्हा आला म्हणजे लेखन कच्चं, असा नियम करू नये. तिसरीतल्या एका मुलीने लिहिलेलं:

"सर्जा विकला. सर्जाला टेम्पोत चढवलं. सर्जाने मागे बघितलं. सर्जाची घुंगरं आमच्याकडेच आहेत. सर्जाचं नाव मी वहीवर लिहिलंय."

समासात पाहिलं तर बिबट्याच्या निबंधासारखंच दिसतं. सर्जा, सर्जाला, सर्जाने, सर्जाची, सर्जाचं. शेजारणीने समास वाचून "सगळं सारखंच आहे" असा शेराही दिला. पण मी तिला दोन वाक्यं बदलायला सांगितलं नाही. इथे प्रत्येक वाक्य पुढे सरकतंय, विकण्यापासून टेम्पोपर्यंत, तिथून घुंगरांपर्यंत, वहीपर्यंत. बैल गेलाय आणि नाव राहिलंय, म्हणून नावच पुन्हा पुन्हा येतंय. 'तो' घालून बघा, सगळं सैल पडतं. मी मुलांना दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचून दाखवले आणि फरक विचारला. एकजण म्हणाला, "बिबट्याची वाक्यं कुठलीपण आधी घेतली तरी चालतात. सर्जाची नाही चालत." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. वाक्यांची अदलाबदल करून बघणं ही आता आमच्या वर्गातली नेहमीची परीक्षा आहे. अदलाबदल करून काहीच बिघडलं नाही तर ती यादी, आणि तिच्यावर काम करायचं.

पालकांना हे पटवणं हा वेगळा भाग. एका मुलीची आई शाळेत आली, हातात वही. "बाई, 'माझी आई' निबंध 'माझ्या आईचे नाव' असाच सुरू करायचा असतो ना? हिने दुसरंच काहीतरी लिहिलंय." तिची काळजी खोटी नव्हती. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मुलं मोठ्या गावातल्या शाळेत जातात, तिथे कोण कसं तपासेल ते माझ्या हातात नाही. म्हणून चौथीच्या दुसऱ्या सत्रात आम्ही समोरासमोरची पानं करतो. डाव्या पानावर दहा ओळी, आकडे घालून, कुणीही मागितल्या तर देता येतील अशा. उजव्या पानावर तोच विषय, सलग, आपल्या सुरुवातींनी. कुठे काय मागितलंय ते ओळखून द्यायचं, हेही शिकवायलाच लागतं.

मी म्हटलं, "ताई, तिने दोन्ही लिहिलंय. डावीकडे बघा, तुमचं नाव पहिल्याच ओळीत आहे."

तिने डावं पान बघितलं, समाधान झालं. मग उभ्या उभ्याच उजवं पान वाचायला लागली. "टोमॅटोचा तोडा असला की आई पाचला उठते. क्रेट भरताना ती कोणाशीच बोलत नाही. बाजार पडला की आम्हालाच कळतं, कारण त्या दिवशी भाजी टोमॅटोचीच असते."

"पाच नाही गं," ती मुलीला म्हणाली, "चारला उठते मी."

मुलीने तिथल्या तिथे माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि 'पाचला' खोडून 'चारला' केलं. डावं पान तिने तसंच ठेवलंय, पाचवीत लागेल म्हणून.